गावाजवळ खाण आहे? मग डीएमएफचा पैसा असा मागा

ग्रीन फायनान्स (पर्यावरणाच्या कामांसाठीचा पैसा) म्हटलं की लोकांना मुंबईतले बाँड आठवतात, पण चंद्रपूर, वणी, गडचिरोलीकडे खाणीशेजारी राहत असाल तर तुमच्या कामाचा फंड कलेक्टर ऑफिसातच पडलेला असतो, त्याचं नाव डीएमएफ म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ मध्ये खाण कायद्यात ९ब कलम आलं तेव्हापासून खाणवाला सरकारला खनिजाची रॉयल्टी भरतो, त्यावर त्या रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी वेगळी रक्कम (१२ जानेवारी २०१५ पासूनची लीज म्हणजे खाणपट्टा असेल तर १० टक्के) या फंडात टाकतो. म्हणजे कोणी उपकार करत नाहीये, हे डोक्यात ठेवूनच ऑफिसात जा.

पहिलं काम, अंतर बघा. २०२४ च्या नियमांप्रमाणे खाणीपासून १५ किमीच्या आत प्रत्यक्ष बाधित आणि २५ पर्यंत अप्रत्यक्ष. बाधित गावांची यादी असते, खनिकर्म शाखेत जाऊन ती मागा, नाव नसेल तर आधी त्यासाठीच अर्ज करा, बाकी सगळं नंतर.

मग ग्रामसभेचा ठराव, आणि इथेच बहुतेक गावं गंडतात कारण ठरावात नुसतं "गावाचा विकास करावा" लिहितात किंवा सरळ सभामंडप नाहीतर प्रवेशद्वार मागतात. अरे निदान ७० टक्के पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण अशा कामांवरच घालायचाय, कमान बांधून धूळ थांबते का! त्यापेक्षा लिहा की अमुक वस्तीतल्या विहिरी आटल्या, इतकी घरं, पाण्याचा तपासणी रिपोर्ट जोडलाय, आरओ (पाणी शुद्ध करायचं यंत्र) नको नळयोजना पाहिजे (आरओची मशीन बंद पडली की दुरुस्तीला कोणी फिरकत नाही, हे माझं मत). पेसातलं (आदिवासी अनुसूचित क्षेत्राच्या कायद्यातलं) गाव असेल तर कामाला ग्रामसभेची मंजुरी लागतेच, ती ताकद वापरा.

ठराव आवक-जावकला देऊन पोच घ्या आणि एक कॉपी आमदाराला, ते पण डीएमएफच्या नियामक परिषदेत (कारभार बघणाऱ्या समितीत) असतात. आता पाच वर्षांचा आराखडा करावा लागतो, त्यात तुमचं काम बसलं तर दरवर्षी हात पसरावे लागत नाहीत, म्हणून आराखडा कधी बनतोय ते विचारत राहा.

किती जमा झाले, कुठे खर्च झाले हे वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे. नसेल टाकलं तर सरळ माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, गावनिहाय मंजूर कामांची यादी मागा, आणि खाणीपासून लांबच्या गावांना काय काय मिळालं ते त्यात पहिलं शोधा.