तांब्याच्या तारेची निम्फ : बांधणी आणि वापर

ट्राउटचे बरेचसे अन्न पाण्याखालीच असते. मेफ्लायसारख्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्ले, म्हणजे निम्फ, हा मासा वर्षभर खातो. त्यांची नक्कल करणाऱ्या, गळावर बांधून आमिष म्हणून वापरायच्या कृत्रिम माश्यांपैकी (कीटकांपैकी) इंग्लंडमधील विल्टशायरच्या एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांची 'फेझंट टेल' नवशिक्याने आधी बांधावी, कारण तिला दोनच वस्तू लागतात : नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि बारीक तांब्याची तार. येथे दोरा नसतोच. तारच बांधते, वजन देते आणि किंचित चमकतेही.

१४ किंवा १६ क्रमांकाचा गळ व्हाइसमध्ये (गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यात) घट्ट धरून त्याच्या वाकापासून डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवण्याच्या छिद्रापर्यंत, तारेचे सलग वेढे द्यावेत. छातीच्या जागी आणखी काही वेढे देऊन उंचवटा करावा आणि तार पुन्हा वाकाशी आणावी. हा उंचवटा पुढच्या बाजूलाच हवा, कारण वजन तेथे असले की निम्फ तोंडाकडून बुडते. आता चार तंतू अशा बेताने बांधावेत की त्यांची टोके शेपटीसारखी मागे राहतील. मग उरलेले तंतू तारेभोवती पिळून, दोन्ही मिळून डोळ्यापर्यंत गुंडाळावेत. नाजूक तंतू ट्राउटच्या दातांनी लवकर तुटतात, पण पिळलेली तार त्यांना सांभाळते. डोळ्यापाशी तार वेगळी करून तंतू छातीवरून मागे दुमडावेत, तारेने बांधावेत, पुन्हा पुढे आणून डोळ्यामागे आवळावेत व उरलेले कापावेत. पाय लावण्याचा मोह टाळावा : पोहणारी निम्फ पाय अंगाशी घेते, असे सॉयर यांचे निरीक्षण होते.

मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या मागे उभे राहून निम्फ त्याच्या बरीच पुढे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावी, म्हणजे ती त्याच्यापाशी पोहोचेपर्यंत पुरेशी खोल जाते. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा निम्फ बांधलेला बारीक धागा, पाण्यात शिरतो त्या बिंदूवर नजर ठेवावी. तो थबकला किंवा बाजूला सरकला, तर लगेच रॉड उचलावा. मासा दिसत असेल, तर निम्फ त्याच्या तोंडासमोर येताच रॉडचे टोक हलकेच वर घ्यावे. वर निसटणारे भक्ष्य पाहून तो बहुधा झेपावतो.

हीच निम्फ हिमाचलच्या तीर्थन नदीतही वापरता येते. मात्र तेथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते.