कॅज्युअल्टीत ड्युटी करताना या चुका टाळा

इंदूरच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, रात्री दहानंतर उभं राहिलं की अर्धा माळवा समोरून जातो. बायपासवरचा अपघात, देवासहून रेफर झालेला हार्ट अटॅक, झाबुआकडून जीपमध्ये आडवी टाकून आणलेली बाळंतीण, रामबागेतल्या मराठी घरात बाथरूममध्ये पडलेले आजोबा. नव्यानं ड्युटीला लागलेल्या नर्स मुलींचे आणि ब्रदर मंडळींचे हात चांगले तयार असतात. व्हेन लगेच सापडते, मॉनिटर पटकन लागतो. चुका होतात त्या बोलण्या-वागण्यात, आणि त्यांनी उपचारही बिघडतो. पेशंटशी आणि घरच्यांशी मायेनं वागणं हे सगळं आटोपल्यावर वेळ उरला तर करायचं काम नाही. ते सलाईन लावता लावताच व्हायला हवं.

नातेवाईक दार ठोठावतात, आत घुसतात, आवाज चढवतात

दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं. पेशंट आत गेला, दार लागलं आणि कुणी काही सांगितलं नाही. आपल्याला आत पाच मिनिटं झालेली असतात, बाहेरच्यांना ती तासासारखी वाटतात. सिक्युरिटीला हाक मारण्याआधी एक माणूस बाहेर पाठवा. त्यानं स्वतःचं नाव सांगावं आणि एवढंच बोलावं: "काका, आत तुमच्या भावाजवळ मीच आहे. श्वास चालू आहे, डॉक्टर बघताहेत. दहा मिनिटांनी मी परत येते. नवीन काही नसलं तरी येते." आणि दहा मिनिटांनी खरंच जावं. एकदा शब्द पाळला की पुढचे दोन तास दार कुणी ठोठावत नाही.

बाहेर पंधरा जण असले तर कुणाशी बोलायचं ते त्यांनाच विचारा. मराठी घरात बहुधा जावई नाहीतर भाचा पुढे होतो, गावाकडच्या मंडळींत एखादे वडीलधारे. पण पुढे झालेला माणूस बायकोला, आईला काही सांगतोय का, तेही बघा. ती बिचारी भिंतीला टेकून उभी असते आणि तिच्यापर्यंत काहीच पोचलेलं नसतं.

सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय परत सुरू करायचा प्रयत्न, चालू असताना घरच्या एका माणसाला आत येऊ द्यावं का, यावर आपल्याकडे अजून कपाळाला आठ्या पडतात. फ्रान्समध्ये, घरीच हृदय बंद पडलेल्या पेशंटांच्या ५७० नातेवाइकांवर झालेला अभ्यास २०१३ साली छापून आला. ज्यांना जवळ थांबायचं का असं विचारलं गेलं, त्यांना तीन महिन्यांनी मानसिक धक्क्याचा त्रास कमी होता, आणि टीमच्या कामात अडथळा आला नव्हता. आपल्या गर्दीत हे रोज जमणार नाही हे मला मान्य आहे. पण जमेल तेव्हा एकाला आत घ्या, शेजारी एक सिस्टर उभी करा आणि काय चाललंय ते हळू आवाजात सांगत राहा. जबरदस्ती मात्र कुणावरच नको.

"गॅस झालाय हो, बाकी काही नाही"

इंदूरमध्ये ही तक्रार रोजची. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळलेले गराडू आणि जिलेबी खाल्ली, छातीत जळजळतंय, एक ॲसिडिटीचं इंजेक्शन द्या म्हणजे घरी जातो. चूक दोन्ही बाजूंनी होते. एक सिस्टर वैतागून बाकावर बसवून ठेवते, दुसरी खरंच गॅस समजून इंजेक्शन भरते. छातीत काहीही होत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. बायकांना आणि शुगरच्या पेशंटांना छातीत दुखेलच असं नाही. "जीव घाबरा होतोय", "हात भरून आलाय", नुसताच घाम, एवढंच सांगतात.

आणि प्रश्न पेशंटलाच विचारा. मुलगा शेजारी उभा राहून आईच्या वतीनं उत्तरं देतो, आई गप्प. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली वाका, हात हातात घ्या, "काकू, तुम्ही सांगा, नेमकं कुठे?" एवढं विचारा. पुष्कळदा खरी गोष्ट तेव्हा बाहेर येते. तोंड वाकडं झालेल्या, हात लुळा पडलेल्या पेशंटच्या घरच्यांना "कधीपासून?" असं विचारून भागत नाही. शेवटचं नीट बोलताना, चालताना कुणी आणि किती वाजता पाहिलं ते विचारा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, ते तास तिथूनच मोजतात.

भिली किंवा निमाडी बोलणारी बाई असेल तर तिच्या दहा वर्षांच्या पोराला दुभाषा करू नका. पाळी, गर्भ, नवऱ्याची मारहाण हे ती पोरासमोर कशी सांगेल? वॉर्डातल्या मावशींना हाक मारा, त्यांच्यात तिची बोली जाणणारं कुणीतरी निघतंच.

औषध प्यायलेल्याला रागावणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते. "आईबापाचा तरी विचार करायचास", "मरायचं होतं तर इथे कशाला आलास", असली वाक्यं नळी घालताना सर्रास ऐकू येतात. त्या पोराला त्याच घडीला आपली सगळ्यांत जास्त गरज असते. आणि रागावलं की तो तोंड मिटतो, मग काय घेतलं ते कळत नाही. माळव्यात हे कळणं फार मोठं आहे. फवारणीचं औषध असेल तर बहुधा ॲट्रोपिन या उताऱ्याची तयारी करायची. गव्हाच्या कोठीत ठेवायची सल्फासची गोळी असेल तर तिच्यावर उतारा नाही, वेगळीच धावपळ लागते, आणि पोटातून विषारी गॅस निघतो म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. "भैया, मैं ग़ुस्सा नहीं करूँगी, डिब्बी कौन-सी थी बस इतना बता दो." एवढं म्हणा. घरच्यांपैकी कुणाला तरी डबी आणायला पिटाळा.

कायदासुद्धा आता त्याच्या बाजूनं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं. पोलिसांना कळवायचं ते कळवा, पण त्याची भीती पेशंटला घालू नका. अपघाताच्या केसमध्येही आधी उपचार, मग कागद. सुप्रीम कोर्टानं हे १९८९ मध्येच सांगितलं आहे. जखमीला रिक्षात घालून आणणाऱ्या अनोळखी माणसाला नाव-पत्त्यासाठी अडवून ठेवू नका, त्याला पाणी द्या आणि आभार माना.

अंगावरचं उतरवताना

घाईत कपडे कापावे लागतात, मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागतात. पेशंट बेशुद्ध असला तरी "काकू, ब्लाउज कापतेय, लगेच चादर घालते" असं बोलून कापा, ऐकू येत असण्याची शक्यता असते. चादर माणुसकीसाठी तर हवीच, शिवाय रक्त गेलेला पेशंट गार पडला की रक्त नीट गोठत नाही. चाकूचा वार असेल तर कपड्यावरच्या छिद्रातून कात्री चालवू नका, तो पुरावा असतो, बाजूनं कापा आणि कागदी पिशवीत ठेवा. दागिना दोघांच्या सह्यांनी नातेवाइकाच्या हातात द्या. रजिस्टरमध्ये "पिवळ्या धातूचं" असंच लिहा, पण सुनेच्या हातात देताना तेच शब्द वापरू नका. "हे तुमच्या सासूबाईंचं मंगळसूत्र, मोजून घ्या" म्हणा.

गेल्याचं सांगताना

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे. "सीरियस आहे", "प्रयत्न चालू आहेत" असं अर्धा तास ताणत राहतात आणि मग एकदम "बॉडी कधी नेणार?" असा प्रश्न येतो. मृत्यूची बातमी डॉक्टरांनी द्यायची, पण सिस्टरनं शेजारी उभं राहायचं. आधी नाव पुन्हा तपासा. एका रात्री एकाच आडनावाचे दोन पेशंट असू शकतात. घरच्यांना कॉरिडॉरमधून बाजूला घ्या, बसवा, त्यांना आतापर्यंत काय माहीत आहे ते विचारा. "बातमी चांगली नाही" असं म्हणून क्षणभर थांबा. मग साधं, स्पष्ट सांगा: "बाबा गेले. आम्ही खूप प्रयत्न केले, पण त्यांचं हृदय परत सुरू झालं नाही." त्यानंतर गप्प राहा. ही शांतता सहन होत नाही म्हणून आपण रक्ततपासणीतले एन्झाइमचे आकडे सांगत बसतो. ते कुणाच्याही डोक्यात शिरत नाहीत.

"आईला आत्ता सांगू नका, तिला सोसणार नाही" असं मुलं हमखास म्हणतात. त्यांच्याशी भांडू नका. "पण त्या विचारतील तेव्हा मी खोटं बोलणार नाही. तुम्ही सांगा, मी तुमच्याबरोबर उभी राहते," असं म्हणा. बहुतेक जण तयार होतात.

भेटायला आत घेण्याआधी तोंडाभोवतीचं रक्त पुसा, केस नीट करा, डोळे मिटवा, हात चादरीबाहेर ठेवा म्हणजे धरता येईल. एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, असेल तर नळ्या काढू नका, पण त्या का ठेवल्या ते आधीच सांगा. खुर्ची ठेवा. कुणाला गंगाजल, तुळशीपत्र घालायचं असेल तर घालू द्या. नेत्रदानाचं विचारायचं तर सहा तासांच्या आत विचारावं लागतं, पण बातमी दिल्या दिल्या नको. पहिला हंबरडा ओसरू द्या. तोवर पापण्यांवर ओला कापूस ठेवा आणि डोक्यावरचा पंखा बंद करा.

ड्युटी बदलताना हॅन्डओव्हरमध्ये बीपी, सलाईन, युरिन सगळं येतं, बाहेरची माणसं मात्र राहून जातात. मग सकाळची सिस्टर हसतमुखानं बाहेर जाते आणि "काळजी करू नका, बरे होतील" म्हणते, आणि रात्री डॉक्टरांनी आशा नाही असं सांगितलेलं असतं. फाइलच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: बाहेर कोण आहे, त्यांना किती वाजता काय सांगितलं, पुढच्या वेळी कधी येऊ असं कबूल केलंय. आणि ती वेळ नव्या सिस्टरला तोंडीही सांगा.