एफएम डिमॉड्युलेशन: कॉइलला हात घालण्याआधी या चुका टाळा

खानापूर तालुक्यातून, विशेषतः जांबोटीकडच्या डोंगराळ गावांतून, बेळगावात दुरुस्तीला येणाऱ्या एफएम रेडिओंची तक्रार बहुधा एकच असते: स्टेशन लागते, पण आवाज फाटतो. अशा वेळी अनेक जण थेट डिटेक्टरची, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या (डिमॉड्युलेशन करणाऱ्या) भागाची, कॉइल फिरवू लागतात आणि जो भाग ठीक होता तोच बिघडवून बसतात. माझ्या अनुभवात फाटक्या आवाजाचे मूळ डिटेक्टरपेक्षा त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या भागात जास्त वेळा सापडले आहे.

धारवाड आकाशवाणीच्या ७६५ किलोहर्ट्झवरील मीडियम वेव्ह प्रसारणासाठी एक डायोड पुरतो, कारण तिथे आवाज वाहक लहरीच्या उंचीत असतो. एफएममध्ये तो वारंवारतेच्या चढउतारात, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना कमाल ७५ किलोहर्ट्झच्या सरकण्यात असतो. त्यामुळे लहरीच्या उंचीतील बदल इथे निव्वळ कचरा ठरतो. डिटेक्टरचा एक प्रकार असलेला फॉस्टर-सीली डिस्क्रिमिनेटर हा कचराही आवाजात उतरवतो, म्हणून त्याच्या आधी लिमिटर, म्हणजे लहरीची उंची एकसारखी छाटणारा भाग, अनिवार्य असतो. दुसरा प्रकार असलेला रेशो डिटेक्टर हे काम आपल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आधारे स्वतःच करतो. मात्र तो कपॅसिटर सुकला, की शेतपंप सुरू होताना किंवा दारावरून दुचाकी जाताना खरखर ऐकू येऊ लागते. ही लक्षणे दिसताच कॉइल सोडून आधी तो कपॅसिटर, ध्रुव नीट पाहून, बदलावा.

डोंगरावर आदळून उशिरा पोहोचणाऱ्या लहरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती मूळ लहरीत मिसळली, की खोट वारंवारतेतच शिरते आणि कोणताही लिमिटर ती काढू शकत नाही. अँटेना दोन हात सरकवल्यावर आवाज सुधारत असेल, तर रेडिओ उघडण्याचे कारणच उरत नाही.

तरीही कॉइल जुळवावीच लागली, तर लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरण्याची चूक सर्वात महाग पडते. धातूचे टोक फेराइटच्या गाभ्याजवळ असताना कॉइलचा सूर बदललेला असतो. आवाज अगदी स्वच्छ लागला म्हणून हत्यार बाजूला घ्यावे, तोच तो पुन्हा फाटतो. शिवाय घट्ट बसलेला गाभा जोर दिल्यास तडकतो आणि मग कॉइल असलेला धातूचा डबा, म्हणजे पूर्ण कॅनच, बदलावा लागतो. प्लास्टिकचे हत्यार वापरावे, गाभा मूळ कुठे होता त्याची खूण करावी आणि एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. रेशो डिटेक्टरमध्ये १०.७ मेगाहर्ट्झचा (रेडिओच्या आतल्या मधल्या वारंवारतेचा) आवाजविरहित सिग्नल देऊन कॉइलची प्रायमरी (पहिली गुंडाळी) अशी जुळवावी की मोठ्या कपॅसिटरवरचा डीसी व्होल्टेज सर्वाधिक व्हावा, आणि सेकंडरी (दुसरी गुंडाळी) अशी, की ध्वनीच्या टोकाला, दोन समान रेझिस्टरच्या मध्यबिंदूच्या तुलनेत, शून्य मिळावे. गाभा कितीही फिरवला तरी शिखर सापडत नसेल, तर कॅनच्या तळाशी असलेला छोटा कपॅसिटर खराब झाल्याचा संशय घ्यावा; खानापूरच्या पावसाळी दमटपणात वर्षानुवर्षे राहिलेल्या संचांत तो मी काळा पडलेला पाहिला आहे.

जुन्या जर्मेनियम डायोडच्या जागी सिलिकॉनचा डायोड बसवणे हीही नेहमीची चूक आहे. सिलिकॉनला सुरू व्हायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे दुबळ्या स्टेशनचा आवाज अधिकच कुरतडला जातो. दोन्ही डायोड एकाच जातीचे, शक्यतो जुळवलेले असावेत. रेशो डिटेक्टरमधील एका डायोडची दिशा फॉस्टर-सीलीच्या तुलनेत उलटी असते, म्हणून दुसऱ्या रेडिओचा नकाशा पाहून जोडणी करू नये.

आवाज स्पष्ट पण कर्कश असेल, तर डी-एम्फसिसकडे, म्हणजे प्रसारणात मुद्दाम वाढवलेले वरचे सूर पुन्हा खाली आणणाऱ्या फिल्टरकडे, पाहावे. भारतात त्याचा कालांक (टाइम कॉन्स्टंट) ५० मायक्रोसेकंद आहे. ५ किलोओहम आणि १० नॅनोफॅरॅड एवढ्यानेच तो मिळतो. तो नसेल तर १५ किलोहर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबलची वाढ तशीच कानावर येते, तर अमेरिकी ७५ मायक्रोसेकंद ठेवल्यास वरचे सूर साडेतीन डेसिबलपर्यंत दबतात. स्टेरिओ संचात मात्र हा फिल्टर स्टेरिओ डिकोडरच्या नंतरच हवा. तो आधी लावला तर १९ किलोहर्ट्झचा पायलट, म्हणजे स्टेरिओची खूण देणारा सूर, साडेपंधरा डेसिबलने खचतो आणि ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचा डाव्या-उजव्यातील फरक त्याहूनही अधिक दबून स्टेरिओ नाहीसा होतो.

संगणकाला रेडिओ लहरी पकडणारा डोंगल जोडून एफएम ऐकणाऱ्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांचा सापळा वेगळा असतो. ते लहरीच्या प्रत्येक नमुन्याचा (ठरावीक क्षणी घेतलेल्या मोजमापाचा) कोन काढून आधीच्या कोनातून वजा करतात. तो कोन १८० अंशांवरून उणे १८० वर उडी मारतो तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. त्याऐवजी चालू नमुन्याला मागच्या नमुन्याच्या संयुग्मीने (कॉम्प्लेक्स कॉन्जुगेटने) गुणून गुणाकाराचा कोन घ्यावा. सेकंदाला २,४०,००० नमुने असतील, तर ७५ किलोहर्ट्झच्या सरकण्यात दोन नमुन्यांमधला फरक ११२.५ अंशांचा, म्हणजे १८०च्या आत, सुरक्षित राहतो. नमुने कमी करण्याआधी गाळणी लावायला विसरल्यास शेजारच्या स्टेशनचा आवाज आत दुमडून येतो, आणि मग दोष डिमॉड्युलेटरचा नसतानाही त्याचाच कोड पुन्हा पुन्हा तपासण्यात संध्याकाळ निघून जाते.