दिनाँचा इतिहास आणि लोकसंख्या घरबसल्या कशी शोधायची

फ्रेंच शिकता शिकता किंवा युरोप ट्रिपचं प्लॅनिंग करताना एखादं नदीकाठचं छोटं शहर आवडून जातं, मग आपण त्याच्याबद्दल वाचायला बसतो आणि पहिला गोंधळ होतो तो आकड्यांचा. आपण इथे दिनाँ घेऊया, बेल्जियमच्या वालोनी भागातलं, नामूर प्रांतातलं, म्यूज नदीवरचं. याची लोकसंख्या एका ठिकाणी सातेक हजार दिसेल, दुसरीकडे साडेतेरा हजारांच्या आसपास, तिसरीकडे चक्क लाखाच्या वर, आणि तिन्हीकडे नाव दिनाँच. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, फक्त त्यांची वर्षं आणि हद्दी वेगळ्या असतात. त्यामुळे कुठलाही आकडा उतरवून घेताना शेजारी वर्ष आणि हद्द लिहायचीच, हे मी प्रत्येकाला पहिलं सांगते.

सुरुवात मॅपपासून करा, आकड्यांपासून नको. सॅटेलाईट व्ह्यू लावा आणि नाव रोमनमध्ये टाईप करा. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहताना दिसेल, उजव्या काठाला चुनखडीचा उभा कडा, कड्यावर किल्ला, अगदी पायथ्याशी कांद्यासारख्या कळसाचं मोठं चर्च, आणि कडा आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम जी पट्टी उरते तिच्यात जुनं शहर बसलंय. रेल्वे स्टेशन समोरच्या काठाला. म्हणजे या शहराला रुंद व्हायला जागाच नव्हती, ते नदीच्या कडेकडेने लांबत गेलं. १२२७ मध्ये कड्याचा तुकडा कोसळून आधीचं चर्च उद्ध्वस्त झालं आणि मग आत्ताचं गॉथिक चर्च उभं राहिलं. हे सगळं डोक्यात असेल तर पुढे लोकसंख्येचे आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

मग बघा की राज्य कोणाचं होतं, कारण जुनी कागदपत्रं राज्याप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेली असतात. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत दिनाँ लिएजच्या राजबिशपांकडे (बिशप असून राज्यही करणारे) होतं, आणि जवळच समोरच्या काठाला असलेलं बूविन्य नामूरच्या काउंटकडे, दोन्ही गावं पितळ-तांब्याच्या कामात, दोघांचं हाडवैर. आज बूविन्य दिनाँच्याच हद्दीत येतं, पण जुनं काही शोधायचं असेल तर एकाचं लिएजच्या कागदांत शोधावं लागतं आणि दुसऱ्याचं नामूरच्या. १७९५ मध्ये हा सगळा भाग फ्रान्सला जोडला गेला, १८१५ नंतर नेदरलँड्सकडे (आत्ता दिसतो तो किल्ला त्याच डच काळातला), आणि बेल्जियम हा देश झाला १८३० मध्ये. सॅक्सोफोन बनवणारा अडॉल्फ सॅक्स दिनाँचाच, जन्म ६ नोव्हेंबर १८१४ चा, म्हणजे फ्रेंच गेलेत आणि बेल्जियम अजून व्हायचंय अशा मधल्या काळातला.

सेन्सस सुरू होण्याआधीचे आकडे जपून घ्या. जुन्या करांच्या याद्यांमध्ये माणसं नाहीत, चुली मोजल्यात, आपल्याकडे गाव किती उंबऱ्यांचं असं विचारतात तसंच. एका चुलीमागे चार माणसं धरायची की पाच, यावर पूर्ण शहराचा आकडा बदलतो, म्हणून मिळालेल्या चुलींचा आकडा तसाच लिहा आणि माणसांचा अंदाज वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. १४६६ चंही तसंच आहे. बर्गंडीचा ड्यूक फिलिप आणि त्याचा मुलगा चार्ल्स यांनी ऑगस्टमध्ये दिनाँ घेतलं, लुटलं, जाळलं, आणि ८०० माणसांना पाठीला पाठ बांधून म्यूजमध्ये फेकलं असं सांगितलं जातं. विध्वंस झाला याबद्दल शंकाच नाही, तांबटांचा धंदा त्यानंतर इतर गावांत पांगला, पण ८०० हा आकडा परंपरेने चालत आलेला आहे, डोकी मोजून काढलेला नाही, तो तसाच सांगून द्यावा.

पक्के आकडे सुरू होतात १८४६ पासून. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला बेल्जियमचा पहिला मोठा राष्ट्रीय सेन्सस झाला, त्यामागे संख्याशास्त्रज्ञ केटले होता, आणि तेव्हापासून प्रत्येक कम्युनला (म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक कारभाराच्या भागाला) लोकसंख्येचं रजिस्टर ठेवणं सुरू झालं, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या घरात राहतंय. पुढचे सेन्सस १८५६, १८६६, १८७६, १८८०, मग दर दहा वर्षांच्या आसपास, फक्त दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० च्या ऐवजी १९४७. हल्ली घरोघरी जाऊन मोजत नाहीत, २०११ चा सेन्सस रजिस्टरांवरूनच काढला.

आता ताजा आकडा. स्टाटबेल या सरकारी संख्याशास्त्र खात्याच्या वेबसाईटवर जा, तिथे दरवर्षीची १ जानेवारीची लोकसंख्या कम्युनप्रमाणे एक्सेलमध्ये मिळते. नावाने सर्च करण्यापेक्षा कोडने करा, दिनाँ कम्युनचा कोड ९१०३४, कारण दिनाँ नावाचं अराँदिसमाँ पण आहे, ते म्हणजे बऱ्याच कम्युन मिळून झालेला मोठा भाग, आणि लाखाच्या वरचा आकडा तिथला असतो. बरेच जण इथेच फसतात.

आणि १९७७ विसरू नका!! १ जानेवारी १९७७ ला बेल्जियमने कम्युन एकत्र केल्या, २३५९ होत्या त्या ५९६ झाल्या, आणि दिनाँला आन्सरेम, फाल्मिन्यूल, तिन (Thynes) अशी आजूबाजूची गावं जोडली गेली, क्षेत्रफळ १०० चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं. ग्राफ काढलात तर तिथे एकदम उडी दिसेल, ती जन्मांची पण नाही आणि बाहेरून आलेल्यांची पण नाही, हद्दीची आहे. त्यामुळे जुन्या सेन्ससशी तुलना करायची असेल तर १९७७ आधीच्या सगळ्या गावांची बेरीज करून मगच करा.

भाषेचं काय? दिनाँ फ्रेंचभाषक आहे हे कायद्यावरून कळतं, १९६० च्या दशकात भाषांची सीमा ठरवली त्यात ते फ्रेंच भागात आहे. पण किती टक्के लोक घरात फ्रेंच बोलतात असा अलीकडचा सेन्ससचा आकडा शोधत बसू नका, मिळणार नाही, कारण भाषेचा प्रश्न शेवटचा विचारला १९४७ मध्ये, त्यावरून इतके वाद झाले की १९६१ पासून तो काढूनच टाकला. शिवाय जुनी पिढी घरात वालून (या भागाची स्थानिक भाषा) बोलायची, ते वेगळंच.

१९१४ वर मात्र थांबा, घाई करू नका. १५ ऑगस्टला किल्ल्यासाठी आणि पुलासाठी फ्रेंच आणि जर्मन सैन्यात लढाई झाली, तेव्हा लेफ्टनंट असलेला आणि पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला चार्ल्स द गॉल इथेच पुलापाशी पायाला गोळी लागून जखमी झाला. २३ ऑगस्टला जर्मन सैन्यातल्या सॅक्सन तुकड्यांनी, नागरिक आमच्यावर गोळ्या झाडतायत असा आरोप करून, लोकांना घरांतून काढून भिंतींपाशी उभं केलं आणि मारलं, ६७४ नागरिक गेले, त्यात तीन आठवड्यांचं बाळ होतं, शहराचा मोठा भाग जळाला, आणि चारशेहून जास्त लोकांना जर्मनीत कासलच्या तुरुंगात नेलं. शहर तेव्हा सातेक हजारांचं, म्हणजे जवळपास दहातला एक माणूस. हा आकडा १४६६ सारखा नाही, यात एकेका माणसाचं नाव माहीत आहे. जर्मन सरकारने २००१ मध्ये दिनाँत येऊन माफी मागितली. १९१० आणि १९२० चे सेन्सस शेजारी ठेवून बघाच, आणि मग मृतांच्या यादीतली आडनावं वाचा, एकाच घरातले किती गेले ते लगेच कळतं.

नावांपर्यंत जायचं असेल तर बेल्जियमच्या राष्ट्रीय अर्काइव्हजच्या वेबसाईटवर फुकट अकाउंट काढा, स्कॅन केलेली रजिस्टरं तिथे आहेत. फ्रेंच काळाआधीची चर्चची, बरीचशी लॅटिनमध्ये, त्यानंतरची सरकारी, आणि त्यातल्या १८०५ पर्यंतच्या तारखा फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरमध्ये असतात, त्या बदलून देणारी टूल्स ऑनलाईन सहज मिळतात. मृत्यूच्या नोंदी ५० वर्षांनी सगळ्यांसाठी खुल्या होतात, लग्नाच्या ७५, जन्माच्या १०० वर्षांनी, म्हणून सुरुवात मृत्यूच्या रजिस्टरापासून करा आणि तिथून मागे मागे जा.