जुन्या इंग्रजी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची चरित्रनोंद कशी करावी

कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक जुन्या इंग्रजी शाळांनी शंभरी ओलांडली आहे, आणि शतकमहोत्सवाची स्मरणिका निघाली की तिच्यात दहा-बारा नामवंतांची छायाचित्रे मानाने छापली जातात. त्याच बाकांवर बसून पुढे मुंबईच्या गोदीत कारकून झालेले, कचेरीत अव्वल कारकुनापर्यंत पोहोचलेले किंवा आडवाडीवर तीस वर्षे प्राथमिक शिक्षक राहिलेले शेकडो जण मात्र तिच्यात कोठेच नसतात. मला ही उणीव फार मोठी वाटते, कारण शाळेने गावाला काय दिले याचा हिशेब या शेकडो जणांच्या आयुष्यातूनच लागतो. तो मांडण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

कामाची सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरापासून करावी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नये आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र उजेडात, सपाट टेबलावर घ्यावे. पावसाळ्यात हे काम करू नये. आपल्याकडच्या दमट हवेत जुनी पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात, म्हणून दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, इयत्ता आणि शाळा सोडण्याचे कारण हे रकाने जसेच्या तसे उतरवावेत. जातीचा रकाना अभ्यासासाठी पाहावा, पण व्यक्तीच्या नावासमोर तो छापू नये.

रजिस्टर वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली इयत्तांची: मराठी चौथीनंतर मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई, आणि ‘इंग्रजी सातवी’ म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, पुढच्या पद्धतीतली अकरावी, त्यामुळे ‘तिसरीतून शाळा सोडली’ या नोंदीचा अर्थ तिसरी नव्हे, सातवी असा होतो. दुसरी जन्मतारखेची. एकाच वर्गात कित्येकांची जन्मतारीख १ जून दिसते, ती शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली असते. अशी तारीख चरित्रात खरी म्हणून देऊ नये. घरच्यांना तिथी किंवा जन्माच्या वेळची एखादी घटना आठवत असेल तर तिचा आधार घ्यावा.

एखादा थोर माणूस ‘आमच्या शाळेचा’ आहे असे लिहिण्यापूर्वी मात्र फार काळजी घ्यावी. एका स्मरणिकेसाठी काम करताना मी स्वतः ऐकीव माहितीवर एक नाव घातले होते. ते छापून आल्यावर त्या गृहस्थांच्या नातवाने येऊन नम्रपणे सांगितले की, आजोबा या शाळेत कधीच नव्हते. तेव्हापासून रजिस्टरातील ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी काही लिहीत नाही. कोकणातील मुलांची शाळा सलग एका जागी क्वचितच होत असे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि लहान दिसतात म्हणून परत पाठवले गेले. पुढे १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले ते मुंबईहून. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, पण १९१८ मध्ये मॅट्रिक झाले पुण्यातून. उलट पांडुरंग वामन काणे १८९७ मध्ये दापोलीहूनच मॅट्रिक झाले. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ पासून होती आणि शालान्त परीक्षा १९४९ मध्ये आली. या नव्वद वर्षांतील मॅट्रिकच्या याद्या उपयोगी असल्या तरी विद्यार्थी कोणत्या वर्षी कोठून आला आणि कोठे गेला हे केवळ रजिस्टरच सांगते. चरित्रात ‘येथे अमुक वर्षे शिकले’ एवढेच लिहिले तरी शाळेचा मान कमी होत नाही.

नावे जुळवणे हे सर्वांत चिकाटीचे काम. एकाच गावात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची तीन मुले असतात. कोणी मुंबईत गेल्यावर आडनाव सोडून गावाच्या नावाला ‘कर’ लावतो. मुली सासरी गेल्या की रजिस्टरातील नाव पुन्हा कोठेच भेटत नाही. मुलींसाठी त्यांच्या माहेरच्या घरीच विचारावे, आणि हे काम आधी हाती घ्यावे, कारण ती माहिती सांगणारी पिढी थकत चालली आहे.

मुलाखतींसाठी गणपती आणि शिमगा यांसारखा काळ नाही, तेव्हा चाकरमानी गावात असतात. आरत्यांच्या गडबडीत वही उघडू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारी, ओटीवर बसावे. ‘तुमची कारकीर्द सांगा’ म्हटले की माणूस दोन वाक्यांत आटोपतो. त्याऐवजी बोटीने गेलात की गाडीने, मुंबईत पहिली रात्र कोणाकडे काढली, गावकीच्या खोलीत किती जण राहत, पहिल्या पगारातून घरी मनीऑर्डर किती केली, असे विचारावे. मग काका स्वतःच तासभर बोलतात, आणि शाळेतील इंग्रजीने नोकरीच्या अर्जात काय केले हेही त्यात येते. जे सांगितले ते लिहून त्यांना वाचून दाखवावे. घरगुती वाद, आजार, कर्ज यांचा उल्लेख त्यांच्या संमतीशिवाय ठेवू नये.

प्रत्येकाची नोंद अर्धे पान पुरे, पण ती सर्वांना सारखी मिळावी. ज्यांचा रजिस्टरानंतर काहीच मागमूस लागत नाही, त्यांचे नाव, गाव व शाळा सोडल्याची तारीख छापून खाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात, आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात पेन्सिलीसह ठेवावी, म्हणजे ओळखणारे कोणी आले तर त्यांना तेथेच लिहिता येईल.