नागपूरच्या अंगणात मोठ्या फुलांची शेवंती

पिओनी या थंड प्रदेशातल्या भरगच्च फुलाची छायाचित्रे पाहून ती आपल्याही अंगणात असावी, असे अनेकांना वाटते. परंतु त्या झाडाला फुलण्यासाठी हिवाळ्यात अनेक आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. ती काश्मीरमध्ये किंवा पश्चिम हिमालयाच्या उतारांवर सुखाने वाढते. नागपुरात काही रात्री पारा १० अंशांखाली उतरला, तरी दुपारी ऊन तापतेच. म्हणून भरगच्च पाकळ्यांचे, ओंजळभर आकाराचे फूल ज्यांना हवे आहे, त्यांनी येथे मोठ्या फुलांची शेवंतीच लावावी, असे माझे ठाम मत आहे.

शेवंतीची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. बहर संपला की फेब्रुवारीत जुन्या फांद्या जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटाव्यात, म्हणजे बुंध्याभोवती मातीतून नव्या काश्या, म्हणजे मुळांपासून येणारे कोंब, फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे जात असताना, या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपाशी मुळीच ठेवू नयेत, कारण ती भिंत रात्रीही धग सोडत राहते. पूर्वेला, झाडाच्या किंवा हिरव्या नेटच्या सावलीत त्या ठेवाव्यात, पाणी संध्याकाळी द्यावे आणि या काळात खत देऊ नये.

पावसाने जोर धरला आणि हवा निवली, की जुलैमध्ये मुळांसह काश्या वेगळ्या करून दहा इंची कुंडीत एकेक लावावी. आपली काळी माती एकटी वापरल्यास पावसात चिखल होऊन मुळे कुजतात. त्यामुळे एक भाग काळी माती, एक भाग कन्हान नदीची जाडी रेती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करावे. श्रावणातल्या झडीत कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवून तळाची छिद्रे मोकळी राहतील, हे पाहावे.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. फुटणाऱ्या फांद्यांपैकी जोमदार तीनच ठेवाव्यात, बाकीच्या काढाव्यात आणि प्रत्येकीला बांबूच्या कामटीचा आधार द्यावा. ऑगस्टनंतर शेंडा खुडू नये. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाशी मधल्या कळीभोवती बारीक कळ्यांचा घोस येतो; मधली कळी वाटाण्याएवढी झाली की भोवतालच्या कळ्या नखाने अलगद काढून टाकाव्यात. अनेकांचा हात येथे अडखळतो, पण फुलाचा आकार याच कामावर ठरतो. शेंगदाण्याची पेंड चार-पाच दिवस भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून पंधरवड्याने द्यावे आणि कळीत रंग दिसताच थांबवावे. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर निंबोळी अर्क फवारावा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शेवंती रात्र लांबू लागल्यावरच कळ्या धरते. पोर्चमधला बल्ब किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर कुंडीवर पडत असेल, तर झाड हिरवेगार राहूनही कळ्या उशिरा येतात. सप्टेंबरपासून कुंड्या घराच्या अंधाऱ्या बाजूला हलवाव्यात. दिवसा मात्र तेथे भरपूर ऊन हवे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फूल उमलले, की ते जवळून न्याहाळावे. जिला आपण पाकळी म्हणतो, ती प्रत्येक स्वतंत्र लहान फूल असते. एखादी हलकेच ओढून काढली, तर तिच्या तळाशी चिमुकली नळी आणि बीजकोश दिसतो. आत वळणाऱ्या पाकळ्यांचा प्रकार गोल चेंडूसारखा मिटलेला राहतो, तर बाहेर वळणाऱ्यांत पाकळ्या उलगडून खाली झुकतात. पान चुरगळल्यावर येणारा कडवट वास मला फुलाच्या रंगाइतकाच प्रिय आहे. घरात ठेवायचे असल्यास फूल पूर्ण उमलल्यावर सकाळी लांब देठासह कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि पाणी दररोज बदलावे. थंडीत ते आठवडाभर सहज टिकते.