वेधशाळेच्या माथ्यावरून आकाश टिपताय? या चुका टाळा

डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेजवळ निरभ्र रात्र मिळणं हे भाग्यच. तिथून धुरकट फोटो घेऊन परतलं की फार हळहळ वाटते, आणि त्यामागे बहुतेक वेळा फोकसच असतो.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. पुष्कळ लेन्सची रिंग त्या खुणेच्याही पुढे जाते. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट दृश्यात) व्याध किंवा अभिजितसारखा ठळक तारा दहापट मोठा करून पाहा आणि रिंग केसभर, केसभर फिरवा. ताऱ्याचा फुगीर गोळा आकसत टिंबाएवढा होतो, आणखी फिरवली की पुन्हा फुगतो. सगळ्यात बारीक टिंब सापडलं की रिंगला चिकटपट्टी लावा. मात्र काम इथे संपत नाही. एकदा तिन्हीसांजेला जुळवलेल्या फोकसवर मी पहाटेपर्यंत फोटो काढत राहिले. मध्यरात्रीनंतर पारा उतरला, लेन्स गारठली आणि फोकस सरकला. निम्मी रात्र हातची गेली. आता मी दर अर्ध्या तासाने तारा पुन्हा तपासते.

तारे रेघांसारखे ओढले जातायत? आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) सरकतं, म्हणून शटर फार वेळ उघडं ठेवता येत नाही. ५०० ला लेन्सच्या मिमीमधल्या फोकल लेंग्थने भागलं की शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते कळतं, या नियमाने २० मिमीच्या लेन्सला २५ सेकंद मिळतात. आजच्या सेन्सरवर मला ते जास्त वाटतात, मी १५ च्या पुढे जात नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंदच ठेवा.

फोटो हळूहळू दुधाळ होऊ लागले, तर ढगांना दोष देण्याआधी लेन्सची काच बघा. उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत ती हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव धरतं. पुसलंत तरी पुन्हा येतं. लेन्सभोवती हीटरची पट्टी सुरुवातीपासूनच गुंडाळा.

उजेडाबाबत मात्र मी फार आग्रही आहे. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या टॉर्चने सगळ्यांची ती मेहनत क्षणात जाते. शेजारच्या घुमटात कुणाचं तरी निरीक्षण चालू असतं, हे विसरू नका. मंद लाल टॉर्च वापरा, फ्लॅश आणि कॅमेऱ्याचा फोकस-दिवा बंद करा, मागच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवा. अंधारात पडद्यावर काळपट फोटोही लख्ख दिसतो, म्हणून हिस्टोग्रामच (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघा.

हवाईतल्या मौना केआसारख्या सुमारे ४,२०० मीटरच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो. तिथे साधा हिशेबही चुकतो, नजरही मंदावते. सगळी सेटिंग्ज खालीच ठरवून कागदावर लिहून न्या. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि तो खोलीइतका कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका.